ताई, तुमच्या भावाचा रिपोर्ट आणि माझा रिपोर्ट एक नाही

सिडकोहून लिहिणाऱ्या ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी ‘ऑपरेशन टळलं!’ असा मथळा देऊन माझ्या हृदयातल्या जन्मजात वाट चुकलेल्या रक्तवाहिनीबद्दल लिहिलं होतं. ताईंचा २२ वर्षांचा भाऊ कबड्डी खेळतो. सरावात चढाई करून परत येताना तो कोसळला, सीटी अँजिओत (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) असाच दोष सापडला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्यानं माझा लेख वाचला आणि आता म्हणतो, ‘या काकांनाही हेच आहे, ते मजेत सायकल चालवतात, मग मलाच का?’ ताईंनी मला सुनावलंय की मी माझं नशीब लोकांना औषध म्हणून वाटतोय.

लागलं. अर्धं खरं आहे म्हणून जास्त लागलं.

आधी भावाचं. त्याला हे उत्तर वाचायला द्या. दोघांच्याही रिपोर्टवर ‘अ‍ॅनोमलस ओरिजिन’, म्हणजे वाहिनीचा उगम चुकीच्या जागी, असंच लिहिलंय, पण साम्य तिथंच संपतं. हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, मुळाशी तीन खळगे असतात. उजव्यातून उजवी कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी) निघते, डाव्यातून डावी, तिसऱ्यातून सहसा काहीच नाही. माझी उजवी डाव्या खळग्यातून निघते. त्याची डावी उजव्यातून निघते आणि महाधमनी व फुप्फुसाकडे जाणारी मोठी धमनी यांच्या मधल्या बोळातून जाते. ऐकायला नुसती अदलाबदल वाटते. पण सगळ्या शरीराला रक्त ढकलणारा डावा कप्पा मुख्यतः त्या डावीवरच जगतो. ती क्षणभर दबली तरी ठोक्यांची लय बिघडून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो.

दबते कशी, हे मला डॉक्टरांनी स्वतःच्या अ‍ॅप्रनवर दाखवलं. एक बटण काढलं, काजाची दोन टोकं चिमटीत धरून ओढली. काज मिटलं. ‘हे तोंड गोल हवं होतं, ते असं चिरेसारखं आहे,’ म्हणाले. त्यात ती वाहिनी सुरुवातीला थोडं अंतर महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच जात असेल, तर जोरात पळताना महाधमनी फुगते आणि काज ताणलं जातं. बसल्या जागी काहीच होत नाही. त्या दिवसापासून शर्ट घालताना रोज हे आठवतं, त्याला इलाज नाही.

आता माझी चूक. ‘ट्रेडमिल नॉर्मल आली आणि मी निश्चिंत झालो’ असं मी पट्ट्यावर पळवून करतात त्या हृदयाच्या चाचणीबद्दल लिहिलं होतं. ते वाक्य लिहायलाच नको होतं. अशा दोषामुळे अचानक गेलेल्या २७ तरुण खेळाडूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २३ जणांचा दोष तुमच्या भावासारखा होता. २५ जण खेळता-पळतानाच गेले, उरलेले दोघे त्यानंतर लगेच. ज्या सहा जणांची जिवंतपणी ट्रेडमिलसारखी चाचणी झाली होती, त्या सहाही जणांची ती नॉर्मल होती. काज दर वेळी मिटत नाही, त्यामुळे चाचणीत सापडेलच असं नाही. भावाच्या बाबतीत तर पळताना कोसळणं हाच सगळ्यात मोठा रिपोर्ट आहे.

‘चाळिशी ओलांडली म्हणजे सुटलो’ हेही मी उत्साहात लिहून गेलो. तिशी-पस्तिशीनंतर धोका बराच उतरतो, हे खरं. पण पीट मॅराविच हा अमेरिकेतला नावाजलेला बास्केटबॉलपटू दहा हंगाम व्यावसायिक खेळला आणि १९८८ साली, वयाच्या ४० व्या वर्षी, मित्रांबरोबर साधा खेळ खेळताना गेला. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी कोरोनरी जन्मतःच नव्हती.

घरचे विचारतात ना, ‘छाती कशाला उघडायची, मनगटातून स्टेंट टाका आणि मोकळे व्हा’? माझ्याही घरी हाच प्रश्न होता. स्टेंट काही ठिकाणी, निवडक प्रौढांना, तोही बहुतेक उजव्या वाहिनीच्या दोषात टाकतात. इथे चरबीचं ब्लॉकेज नाही, वाटच चुकीची आहे. बायपासची अडचण वेगळी. एरवी मूळ वाहिनीतून रक्त व्यवस्थित वाहत असतं, त्यामुळे जोडलेल्या नळीला कामच उरत नाही आणि ती आकसून बंद पडू शकते. म्हणून सर्जन बहुधा मूळ जागाच दुरुस्त करतात. वाहिनी भिंतीच्या आतून जात असेल तर मधला पडदा आतून उघडून तोंड रुंद करतात आणि ते योग्य खळग्यात आणतात. तसं जमत नसेल तर वाहिनी सोडवून नव्या जागी जोडतात.

त्याची खरी भीती कबड्डी सुटण्याची असणार. २२ व्या वर्षी मलाही तीच वाटली असती. ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी तपासण्या करतात आणि त्या चांगल्या आल्या तर पुन्हा स्पर्धेत उतरण्याचा विचार होतो. तोवर मात्र मैदानात पाऊल नको, ‘हलका सराव’ही नको.

एक आरोप मात्र मी घेणार नाही. डॉक्टरांवर विश्वास ठेवू नका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मी दुसरं मत घेतलं, आणि तुम्हीही घ्या. असे दोष नेहमी हाताळणाऱ्याकडे जा, मुंबई-पुण्याला जावं लागलं तरी. जाताना नुसता कागद नको, सीटीची सीडी न्या, ते चित्र स्वतःच बघतात. पण त्यात महिने घालवू नका.

माझं म्हणाल तर वय ५२, दोष उजव्या वाहिनीचा, तोही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत सापडला. चक्कर नाही, छातीत दुखणं नाही. ताणाखाली हृदयाचा एमआरआय केला, कुठेही रक्त कमी पडताना दिसलं नाही. मग हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी बसून ठरवलं की सध्या नुसतं लक्ष ठेवायचं. हे मी मूळ लेखात दोन ओळींत उरकलं आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या सायकलच्या फोटोंना अर्धं पान दिलं. आता त्या रस्त्यावर मी घड्याळ लावून सायकल मारत नाही, हेही लिहायचं राहिलं होतं.

मथळा आज बदललाय. ट्रेडमिलचं वाक्य तसंच ठेवून त्यावर रेघ मारलीय आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर रविवारी सकाळी सातला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मी असतो. चालत या म्हणावं, पळत नको.