‘देऊन टाका आणि मोकळे व्हा’ म्हणे!

रविवारी सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘जनहितार्थ’ असा मथळा असलेला एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच आणखी तीन ग्रुपांतून फिरून परत आला. व्हिडिओ कॉलवर नग्न चित्रण करून ब्लॅकमेल, म्हणजे सेक्सटॉर्शन, झालं तर करायचे ‘पाच अनुभवी उपाय’ त्यात आहेत. एकदाच काहीतरी देऊन मोकळे व्हा. चॅट आणि अकाउंट लगेच उडवा. थान्यात (आम्ही इंदूरकर पोलीस ठाण्याला ‘थाना’च म्हणतो) जाऊ नका, उलट तुम्हीच अडकाल. ते लोक राजस्थानात बसलेत, इंदूरचे पोलीस काय करणार. आणि घरी कुणाला कळू देऊ नका.

मी वकील नाही, बँकेतून निवृत्त झालोय. पण चार महिन्यांपूर्वी सुदामा नगरातला ओळखीचा एक मुलगा रात्री साडेदहाला माझ्याकडे आला होता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. दर मिनिटाला तो थरथरायचा आणि प्लास्टिकवरून घसरत कडेपर्यंत यायचा. मुलगा न बघताच एका बोटानं तो परत आत ढकलायचा. “काका, पैसे दिले तरी थांबत नाहीयेत,” एवढंच म्हणाला.

तेव्हा पहिल्या उपायाचा हिशोब त्याच्याच यूपीआयमधून मांडतो. नऊच्या सुमारास 5,000 दिले, ‘व्हिडिओ डिलीट केला’ असं उत्तर आलं. वीस मिनिटांनी ‘दुसऱ्या फोनमध्ये कॉपी आहे’, परत 5,000. मग तिसराच माणूस. डीपीवर वर्दी, आवाज करडा: “दिल्ली साइबर सेल से बोल रहा हूँ, वीडियो यूट्यूब पर चढ़ गया है, हटवाने का चार्ज लगेगा.” आणखी 8,000. हा अफसर त्याच टोळीतला असतो. तुमच्या खात्यात शिल्लक आहे आणि मनात भीती आहे, या दोन्ही गोष्टी पहिल्या रकमेनंच त्यांना कळतात. पैसे दिले नाहीत तर क्लिप कुठेच जाणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण पैसे देऊनही ती हमी मिळत नाही, आणि मेसेज नेमकं हेच गाळतो.

पैसे गेलेच असतील तर 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लगेच लावायचा. सकाळी बघू म्हणायचं नाही. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो. तो काढला जाण्याआधी सापडला तर वाटेतल्या खात्यात अडवता येतो. फोन लावताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी हवा. आमच्या मुलाचे शेवटचे 8,000 अडले, आधीचे 10,000 गेले ते गेलेच.

दुसरा उपाय माझ्या मते सगळ्यात घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो. मुलाचं बोट ‘डिलीट’वरच होतं. मी म्हटलं, थांब, आधी फोटो काढ. समोरच्याचा पूर्ण नंबर, तारीख-वेळ, कॉलची नोंद, यूपीआय आयडी, आणि फेसबुक प्रोफाइलची लिंक. नुसतं नाव नको, ते लोक नाव तासाभरात बदलतात. व्हॉट्सअॅपवर ब्लॉक आणि रिपोर्ट करताना चॅट पुसायचं का, असंही विचारतात, तिथली खूण काढून टाकायची. हे सगळं झाल्यावर फ्रेंड लिस्ट लपवा आणि ब्लॉक करा.

आणखी एक. धमकी म्हणून त्यांनी पाठवलेली क्लिप बघवत नाही, पण तीच कामाला येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा (वय 18 च्या वर) तुमच्याच फोनमध्ये त्या चित्राची एक आकडी खूण तयार करते. चित्र फोनबाहेर जात नाही, फक्त खूण जाते, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तेच चित्र चढवलं तर ते ओळखता येतं. वय 18 च्या आत असेल तर ‘टेक इट डाउन’ आहे. मात्र लहान मुलाची क्लिप ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा काका-मामांना पाठवायची नाही, ते पाठवणंच गुन्हा आहे. शिवाय 2021 च्या आयटी नियमांनी असं चित्र तक्रारीनंतर 24 तासांत हटवण्याची मुदत कंपन्यांना घालून दिली होती, खोटं जोडलेलं चित्र असलं तरी; 2026 मध्ये ती आणखी कमी झाली. तेव्हा तक्रार ॲपवरही करायची.

‘तुम्हीच अडकाल’. कशात? प्रौढ माणसानं खासगीत व्हिडिओ कॉल उचलणं गुन्हा नाही. धमकावून पैसे उकळणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे कलम बाई-पुरुष बघत नाही. ‘पेपरात नाव येईल’ या भीतीत थोडं तथ्य आहे. नाव न छापण्याचं कायद्याचं बंधन बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांना आणि मुलांच्या प्रकरणांना आहे, प्रत्येक फिर्यादीला नाही. तरी लैंगिक स्वरूपाच्या संवेदनशील एफआयआर वेबसाइटवर टाकू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच सांगितलंय. महिला आणि मुलांच्या प्रकरणांत सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. थान्यातला एखादा शिपाई गालात हसेल, हेही खरं. आमच्या वेळी हसला. मुलानं मान खाली घातली, मी टीआयंची, म्हणजे थान्याच्या प्रमुख निरीक्षकांची, खोली विचारली. आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षकानंच करायचा असतो, म्हणून खाली वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता.

राजस्थानचं म्हणाल तर गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही थान्याला एफआयआर घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. एफआयआर घेतलीच नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, तिथंही नाही तर मॅजिस्ट्रेट. पोर्टलची पावती म्हणजे एफआयआर नव्हे, हे मलाही त्याच दिवशी कळलं. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि मुलांना तर उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

राहिलं ‘घरी कळू देऊ नका’. त्या रात्री मी मुलाला विचारलं, आईला का नाही सांगितलंस? त्यानं फोन सुलटा केला, ग्रुप उघडला आणि मला दाखवलं. हाच मेसेज तेव्हाही फिरत होता, आणि त्यांच्या घरच्या ग्रुपवर तो, खाली हात जोडलेल्या चित्रासकट, त्याच्या आईनंच टाकलेला होता.