‘डुप्लिकेट कार्ड, लुटारू दुकान’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

मुलीसाठी आमच्याकडून नेलेल्या व्हिडिओ गेमच्या कार्डाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. काउंटरवरचा आमचा मुलगा तुम्हाला म्हणाला, ‘तीन दिवस थांबायचं नसेल तर कन्सोलचं घड्याळ पुढे करा.’ हे त्याने ज्या सुरात म्हटलं तो सूर ग्राहकाशी बोलायचा नव्हे. त्याबद्दल मनापासून क्षमस्व. त्याला समज दिली आहे. (सल्ला तसा चुकीचा नव्हता, घड्याळ पुढे करून खेळणारे पुष्कळ आहेत. पण तो मुद्दा वेगळा.)

आता ‘डुप्लिकेट’ या शब्दाकडे येतो, कारण माझी झोप त्याने उडवली आहे. तुमचा रिव्ह्यू पडल्यापासून फोनवर लोक भाव विचारायच्या आधी ‘कार्डं ओरिजिनल आहेत ना?’ असं विचारतात. छोटं दुकान आहे, आजूबाजूच्या चार लोकांच्या शब्दावर चालतं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी मुलीसाठी ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या गेमच्या अमीबो कार्डांचं पाचव्या सीरिजचं सीलबंद पाकीट घेतलं. सहा कार्डांचं, अमेरिकेतून आलेलं. (गेममध्ये आपलं एक बेट असतं, त्यावर प्राणी गावकरी म्हणून राहतात. अमीबो कार्ड कन्सोलला टेकवलं की त्यावरचा गावकरी बेटावर पाहुणा म्हणून येतो.) त्यात साशा नावाचा ससा निघाला. मुलीने रात्री कार्ड लावलं, साशा तिच्या बेटावर आला आणि सकाळी उठून बघते तर गायब. शनिवारी संध्याकाळी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, साहेबांनी ते कार्ड काउंटरवर आपटलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘डुप्लिकेट माल विकता!’ रिव्ह्यूत तेच आहे, शिवाय दोन गोष्टी जास्तीच्या: भाव अवाच्या सवा आहे, आणि गेममध्ये पाहुणे आपोआप फुकट येतात, मग हे कार्ड विकता कशाला.

साहेब, साशा पळाला नाही. तो नियमाप्रमाणे गेला.

या गेममध्ये कार्डावरचा गावकरी पहिल्या दिवशी राहायला येतच नाही, तो फक्त कॅम्पसाइटवर, म्हणजे पाहुण्यांच्या तंबूत, उतरतो. रेसिडेंट सर्व्हिसेस या बेटाच्या कचेरीत नूक स्टॉपचं मशीन आहे, तिथून बोलवायचं, उजव्या जॉय-कॉनच्या (कन्सोलच्या कंट्रोलरच्या) काठीवर कार्ड टेकवायचं, मग तंबूत जाऊन त्याला भेटायचं. तो एखादी वस्तू बनवून मागतो. ती बनवून द्यायची. झाला पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं, पुन्हा नवी वस्तू. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे तो बेटावर राहायला तयार होतो. आणि गेममधला दिवस मध्यरात्री नाही, पहाटे पाच वाजता बदलतो. शुक्रवारी रात्री बोलावलेला पाहुणा शनिवारी सकाळी तंबूत नसणारच. शनिवारी दुसऱ्यांदा कार्ड टेकवायचं होतं, त्याऐवजी ते माझ्या काउंटरवर आलं.

हे नियम मी केलेले नाहीत, निन्टेन्डोने केलेत. मार्च २०२० मध्ये गेम आला तेव्हापासून आहेत. बिल करताना मी ‘तीन दिवस लागतात’ असं म्हणालोही होतो. तुम्ही तेव्हा फोनवर होता, तुमच्या लक्षात नसेल, मान्य. पण शनिवारी तुमची मुलगीच हळूच म्हणाली होती, ‘बाबा, अजून दोनदा बोलवायचंय.’ ते ऐकलं असतंत तर आज आपण दोघंही इथे लिहीत बसलो नसतो. तिला यात ओढायची इच्छा नाही, पण घडलं ते घडलं.

डुप्लिकेट म्हणजे काय तेही सांगतो, कारण बाजारात ती आहेत आणि सर्रास विकली जातात. अमीबोच्या आत एनटॅग२१५ नावाची छोटी चिप असते. कोऱ्या चिपा मिळतात, त्यात दुसऱ्याच्या कार्डाची माहिती उतरवता येते. मग नाण्याएवढ्या गोल चकत्यांचा संच डबीत घालून विकतात. गेम तीही वाचतो. म्हणजे ‘कन्सोलने वाचलं, म्हणून खरं’ एवढ्यावर मी सुटत नाही, ते मला कळतं. पण तुमचं पाकीट कारखान्याच्या सीलमध्ये होतं आणि ते तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत फाडलंत. पाचव्या सीरिजच्या कार्डांवर ४०१ ते ४४८ हे नंबर असतात, तुमच्या सहाही कार्डांवर त्यातलेच आहेत. चकत्या विकायची ऑफर मलाही आली होती, नफा कितीतरी जास्त होता. दारातून परत पाठवलं.

तुमच्या मुलीच्या गेममध्ये रेड नावाचा एक कोल्हा आहे. बेटामागच्या लपलेल्या किनाऱ्यावर होडी लावतो, ४,९८० बेल्सला (गेममधले पैसे) एकेक चित्र विकतो, त्यातली बरीच खोटी असतात, आणि म्युझियममधला ब्लेदर्स घुबड खोटं चित्र घ्यायला नकार देतो. शनिवारी भर दुकानात तुम्ही मला त्या रेडच्या रांगेत बसवलंत. ते लागलं.

‘फुकट पाहुण्यां’चा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारणार नाही. कॅम्पसाइट बांधली की अधूनमधून कोणीतरी आपणहून तंबू ठोकतो आणि त्याला राहायला बोलावता येतं. पैसे लागत नाहीत. हे मी स्वतः ग्राहकांना सांगतो, विचारा कोणालाही. पण गेममध्ये चारशेच्या वर गावकरी आहेत, त्यातला कोण येणार हे आपल्या हातात नाही. पहिला जो येतो त्याला तर नाही म्हणायची सोयच नाही, त्याला घेतल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. पुढच्यांना विनवण्या कराव्या लागतात, ते पत्त्यांचा डाव मांडतात, आणि बेटावरची दहाही घरं भरलेली असतील तर कोणाला हलवायचं ते नाव पाहुणाच पुढे करतो. मुलीच्या सगळ्यात लाडक्या शेजाऱ्याचं नाव त्याने घेतलं तर? अशा वेळी रडून लाल झालेली मुलं या दुकानात आली आहेत. कार्डाने बोलावलेल्याच्या बाबतीत कोणी जायचं ते आपण ठरवतो. लोक पैसे त्याचे देतात.

काही गावकरी तर फुकटात येतच नाहीत. सॅनरिओच्या (हॅलो किटीवाली कंपनी) सहा कार्डांवरचे सहा जण कार्डाशिवाय कधीच दिसत नाहीत, कितीही वर्षं तंबूकडे बघत बसा. उलट रेमंड मांजर २०२० मध्ये गेमबरोबर आला तेव्हा त्याचं कार्डच नव्हतं. लोक गेममधली नूक माइल्सची तिकिटं जमवून जमवून एकमेकांकडून त्याला मिळवत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाचवी सीरिज आली तेव्हा कार्ड निघालं. तुमच्या मुलीलाही तोच हवा होता हे मला माहीत आहे. पण पाकिटात कोण आहे हे मला दिसत नाही, आणि ‘रेमंड निघेपर्यंत पाकिटं फोडा, बाकीची परत घ्या’ हे मी करू शकत नाही.

तुमच्या पाकिटातला ऑर्व्हिल मात्र तीन दिवसांनीही राहायला येणार नाही, हे आत्ताच सांगतो, म्हणजे त्यावरून दुसरा रिव्ह्यू नको. सहातलं एक कार्ड खास पात्राचं असतं. ऑर्व्हिल विमानतळावर नोकरीला आहे, त्याला हार्व्हीच्या बेटावर फोटोसाठी बोलावता येतं, भाडेकरू म्हणून नाही.

भावाबद्दल दोनच ओळी. २०२१ मध्ये ही सीरिज आली तेव्हा अमेरिकेत पाकिटाची किंमत ५.९९ डॉलर होती, तुम्ही गूगलवर पाहिलंत ते बरोबर. ते पाकीट तिथून इथे येईपर्यंत कुरिअर, कस्टम्स आणि वाटेत चेपलेली खोकी हे सगळं माझ्या डोक्यावर असतं. मी कार्डांवर बंगला बांधलेला नाही. तरीही भावाचं काय करता येईल ते बघू.

उघडलेलं पाकीट परत घेत नाही, ही पाटी काउंटरवर आहे. पुण्यात पाट्यांचे फोटो निघतात, वाचत कोणी नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. कारण साधं आहे: कार्ड वापरून संपत नाही. एकाने घरी नेऊन गावकरी बोलावून घेतला आणि परत आणून दिलं, तर मी ते पुढच्याला नवं म्हणून कसं विकू? मग खरंच डुप्लिकेटवाला ठरेन.

तीन दिवसांची पद्धत मराठीत छापून पाकिटाबरोबर द्यायचा विचार आहे. छपाईचं बघतोय. काउंटरवरच्या मुलाशीही बोलणं सुरू आहे. शनिवारच्या गर्दीत आणखी एक माणूस ठेवता आला तर तेही करू.

तुमचं ते कार्ड त्या दिवशी आपटल्यामुळे कोपऱ्यात जरा दुमडलं आहे. तुम्ही ते काउंटरवरच टाकून गेलात, मी प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलंय. माझ्या कन्सोलवर तपासलं, व्यवस्थित चालतं. कधीही येऊन घेऊन जा, सोमवारी दुकान बंद असतं. शुक्रवारचा पहिला दिवस झालेला आहे, आता फक्त दोनदा बोलवायचंय.

स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, भाव जास्त वाटला तर तसं लिहा, मुलगा उद्धट होता तेही राहू द्या. ‘डुप्लिकेट’ हा शब्द तेवढा काढा, ही विनंती.

आपला,
दुकानमालक