राराच्या काठचं ते वाक्य

'एक जुना वाचक' अशी सही करून लिहिणाऱ्या वाचकांना नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री मी चिडून एक उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात नुसता फणकारा होता, उत्तर कुठेच नव्हतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: नेपाळच्या राष्ट्रीय उद्यानांवर लिहिताना मी म्हटलं होतं, 'राराच्या काठी माणसाची वस्ती नाही, म्हणूनच ते तळं इतकं नितळ राहिलं.' त्यावर तुमचं म्हणणं असं की वस्ती नाही कारण ती उठवली. ही उद्यानं लष्कराच्या जिवावर चालतात, तिकिटाचा पैसा काठमांडूत जिरतो, आणि आमच्यासारखे ट्रेकर चार फोटो काढून येतात नि 'आपल्याकडेही असंच हवं' म्हणतात.

रारापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. १९७६ साली तिथे उद्यान झालं. त्या काळात काठावरची रारा आणि छाप्रू ही दोन गावं उठवून माणसं तराईत, बर्दियाकडे नेली. जवळजवळ तीन हजार मीटर उंचीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं, ती थेट सखल, दमट मैदानात. तळ्याकाठच्या उतारावर त्यांच्या शेतांच्या पायऱ्या अजून ओळखू येतात. मी त्या पाहिल्या होत्या, आणि मला वाटलं होतं कुरणच तसं आहे! ज्या देशात चढावर दिसणारी प्रत्येक पायरी कुणीतरी कुदळीनं खणलेली असते, तिथे दोन आठवडे चालून आलेल्या बाईला हे सुचू नये, याची मला खरंच लाज वाटली.

पण पुढे तुम्ही नेपाळचं सगळंच एका पोत्यात भरलंत. खरं तर चूक आधी माझीच. मी लेखभर 'उद्यान' हा एकच शब्द वापरला. नेपाळात १२ राष्ट्रीय उद्यानं आहेत, ६ संरक्षण क्षेत्रं आहेत, कोशीटप्पूचं वन्यजंतू आरक्ष (आपल्या अभयारण्यासारखं) आहे, शिवाय ढोरपाटनला परवाना काढून शिकार करता येते असं एक शिकार आरक्षही आहे. मध्यवर्ती क्षेत्रं, म्हणजे उद्यानांभोवतीचे गावांचे पट्टे, धरून देशाची जवळपास चौथाई जमीन या ना त्या प्रकारे संरक्षित आहे. पण उद्यान आणि संरक्षण क्षेत्र यांत फरक नुसता नावाचा नाही. उद्यानात माणूस हा मुळात घुसखोर, त्याला सवलत द्यायची. संरक्षण क्षेत्रात माणूस तिथलाच, त्याच्यासकट जंगल राखायचं.

अन्नपूर्णा हे दुसऱ्या प्रकारचं. १९८६ मध्ये घांद्रुक गावापासून सुरुवात झाली, तेव्हा अशा क्षेत्राला कायद्यात जागाच नव्हती. १९७३ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यात त्यासाठी नंतर दुरुस्ती करावी लागली. आज ७,६२९ चौरस किलोमीटरचं हे क्षेत्र देशातलं सगळ्यात मोठं आहे, आणि त्यात गुरुंग, मगर, थकाली, मनाङी अशी सगळी गावं जागच्या जागी आहेत. कारभार सरकारी खात्याकडे नाही, एका न्यासाकडे आहे. ट्रेकरच्या प्रवेश-पासचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता तिथल्याच कामाला लागतो. अन्नपूर्णा बेस कँपच्या वाटेवर छोम्रोङ गावाच्या वरच्या लॉजमध्ये चुलीला लाकूड चालत नाही, रॉकेल किंवा गॅसच. तुम्ही ज्याला 'पर्यटकांकडून उकळणं' म्हणता, त्यातला मोठा भाग पायवाटा, पूल, रोपवाटिका आणि आमा समूहांच्या कामांवर जातो. (आमा समूह म्हणजे गावातल्या बायकांचे गट. घांद्रुकला त्यांनी आमच्यासमोर नाच केला आणि वर्गणीचं ताट पुढे केलं. आमच्यातल्या एका काकांनी दहा रुपये टाकले. त्या बायकांची नजर मी अजून विसरलेले नाही.)

तिथेही सगळं आलबेल नाही. पुढेमागे कारभार स्थानिकांकडे सोपवायचा असं सुरुवातीपासून ठरलेलं, पण न्यासाची मुदत वाढतच गेली.

कांचनजंगाला मात्र ते खरोखर घडलं. २२ सप्टेंबर २००६ ला त्या क्षेत्राचा कारभार स्थानिक परिषदेकडे समारंभपूर्वक सोपवला गेला. दुसऱ्या दिवशी तिथल्या घुन्सा गावाहून परतताना पाहुण्यांचं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. २४ जण होते, कुणीही वाचलं नाही. त्यांत अन्नपूर्णेचं काम उभं करणारे चंद्र गुरुंग होते. सगरमाथा (म्हणजे एव्हरेस्ट) उद्यानाचे पहिले शेर्पा वॉर्डन मिङ्मा नोर्बू शेर्पा होते. तराईतल्या चितवन उद्यानात सुरुवातीपासून राबलेले तीर्थमान मास्के होते. 'जंगल लोकांच्या हातात द्या' हे म्हणणारी पिढीच्या पिढी एकाच दिवशी गेली, आणि तीही ते दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. नेपाळच्या उद्यानांवर लिहायला बसून मी हे लिहिलं नव्हतं, तळ्याच्या रंगावर मात्र अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता.

आता लष्कर. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. चितवनमध्ये १९७५ पासून सैन्य आहे. माओवादी संघर्षाच्या काळात जंगलातल्या चौक्या कमी झाल्या, तेव्हा काय झालं? २००० साली चितवनमध्ये ५४४ गेंडे होते, २००५ मध्ये ३७२ उरले. पहारा परत बसला, गावोगावची तरुण मुलं शिकारविरोधी गस्तीत आली, आणि २०२१ च्या मोजणीत हा आकडा ६९४ वर गेला. वाघ २००९ मध्ये देशभरात १२१ होते, २०२२ मध्ये ३५५. बंदुकीशिवाय हे झालं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

पण बंदूक शिंगाच्या तस्करात आणि मासे धरणाऱ्या गरीब कोळ्यात फार फरक करत नाही, हेही खरंच. नदीकाठच्या 'बोटे', 'माझी', 'मुसहर' या जमातींचं पोट नदीवर. उद्यान झालं आणि रोजचं जाळं गुन्हा ठरलं. छपरासाठी गवत कापायला पूर्वी आठवडे मिळायचे, ते दिवसांवर आले. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, चितवनमध्येच चेपाङ या आदिवासी जमातीतल्या कुटुंबांची घरं उद्यानाच्या लोकांनी हत्ती लावून मोडली, काही जाळली. जून २०२२ मध्ये बर्दियात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एक तरुणी मेली. वाघांच्या नव्या आकड्याची बातमी त्यानंतर दोनच महिन्यांत आली. वाघ तिपटीच्या घरात गेले आणि गावकऱ्यांचं गोठ्यातलं जनावर पूर्वीच्याच जागी बांधलेलं राहिलं, तर दुसरं काय होणार?

राहिला पैसा. 'सगळा काठमांडूत जिरतो' हे बरोबर नाही. १९९६ च्या नियमांनुसार उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा मध्यवर्ती क्षेत्रातल्या, म्हणजे उद्यानाला लागून असलेल्या गावांना परत द्यायचा असतो, आणि तो जातो. सगरमाथा उद्यानाच्या मोंजो नाक्यावर मी पावती फाडली तेव्हा सार्क देशांसाठी दीड हजार नेपाळी रुपये होते. त्यातला वाटा खुम्बूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातल्या, गावांत फिरला असणार.

तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे. निम्मा वाटा, पण कशाचा निम्मा? चितवन आणि सगरमाथा यांच्याकडे पर्यटकांची रीघ आहे, तिथे निम्मा म्हणजे शाळा, कुंपण, दवाखाना. पश्चिमेतल्या राराला, खप्तडला पोचणारी माणसं त्या मानानं फार थोडी. तिथे निम्मा म्हणजे फारसं काही नाही. म्हणजे ज्या डोंगराळ पश्चिमेत लोकांनी उद्यानासाठी सगळ्यात जास्त सोडलं, तिथेच परत सगळ्यात कमी आलं. आणि आलेल्या पैशातही, गेंड्यानं ज्याचं भात तुडवलं त्याच्या बांधापर्यंत किती पोचतं आणि समितीतल्या वजनदार माणसाच्या दारापुढच्या रस्त्यावर किती ओतलं जातं, हे गावागणिक बदलतं. हे वाक्य वाचून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं तर तो योगायोग नाही.

चांदोलीचं उदाहरण तुम्ही दिलंत. तिथून उठवलेल्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, आणि त्याची आठवण करून देऊन तुम्ही मला जागेवर आणलंत. 'आपल्याकडेही असंच हवं' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर घांद्रुक होतं. वाचणाऱ्याला रारा दिसलं, कारण लेखात फोटो राराचा होता.

तो फोटो मी हटवलेला नाही, वाक्य मात्र हटवलंय. फोटोखाली पूर्वी 'निर्मनुष्य रारा' असं लिहिलं होतं. आता तिथे एवढंच आहे: उजवीकडच्या उतारावर दिसतात त्या शेताच्या पायऱ्या, आणि इथली दोन उठवलेली गावं, रारा आणि छाप्रू.