नियम दरांवर आहे, मजकुरावर नाही

सप्रेम नमस्कार. आपला आक्षेप थोडक्यात असा की, नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखेच वागवावे असा, नियम म्हणजे इंटरनेटवर बसवलेला सरकारी पहारा आहे, फ्री बेसिक्स ही निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणारी फेसबुकची योजना बंद पाडून गरिबांना मिळणारे फुकट इंटरनेट हिरावले गेले आणि या साऱ्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे नाव देणे ही दिशाभूल आहे.

ट्रायचा (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा) ८ फेब्रुवारी २०१६ चा नियम मुळातून वाचावा, अशी विनंती आहे. कोणी काय लिहावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मजकूर पाहून डेटाचा दर कमीजास्त करू नये, एवढेच बंधन टेलिकॉम कंपन्यांवर आहे. ते मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये भरावे लागतात (बड्या कंपन्यांना ही रक्कम किरकोळच). रात्रीचा स्वस्त पॅक किंवा हवे ते संकेतस्थळ पाहता येईल असा थोडा मोफत डेटा देण्याला या नियमाची आडकाठी नाही.

फ्री बेसिक्समध्ये नेमकी हीच मुभा नव्हती. ते रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांपुरते होते आणि त्यात शिरण्यासाठी संकेतस्थळाला फेसबुकच्या तांत्रिक अटी मान्य कराव्या लागत. व्हिडिओ त्यात चालत नसत. समजा, तालुक्याच्या एखाद्या साप्ताहिकाने धरणग्रस्तांच्या सभेचे चित्रीकरण प्रसिद्ध केले, तर ते पाहायला वाचकाला खिशात हात घालावा लागणार आणि यादीतल्या बातम्या मात्र फुकट. साप्ताहिकाचे तोंड कोणी बंद केलेले नाही, हे खरे. पण ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत त्याच्यापर्यंत त्याचा आवाज जातच नाही, आणि गरिबाने काय वाचावे हे परस्पर ठरते.

सरकारविषयीचा आपला संशय मात्र अनाठायी नाही. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ च्या आधारे. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे ६९ अ त्याच निकालात टिकले. इंटरनेट बंदीचे आदेश तर वेगळ्याच नियमांखाली निघतात. यातला कोणताही अधिकार सरकारला नेट न्यूट्रॅलिटीने दिलेला नाही. ती रद्द केल्याने यातला एकही कमी होणार नाही, उलट सरकारच्या जोडीला कंपन्याही निवड करू लागतील.

टीकाच करायची, तर २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने स्वीकारलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या चौकटीत ‘विशेष सेवां’ना (सर्वसाधारण इंटरनेटहून वेगळ्या, खास दर्जा लागणाऱ्या सेवांना) जी सूट आहे, तिच्यावर करावी. तिचा अर्थ किती ताणता येईल हा प्रश्न खरोखर गंभीर आहे, आणि त्यावर आपण लिहिलेत तर मी ते आवर्जून वाचेन.