‘त्रिनिदादची निवडणूक म्हणजे शिरगणती’? आकडे तसं म्हणत नाहीत

२८ एप्रिल २०२५ ला कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद आणि टोबॅगोत निवडणूक झाली, भारतीय वंशाच्या कमला प्रसाद-बिसेसर दुसऱ्यांदा पंतप्रधान झाल्या आणि जुलैत नरेंद्र मोदी पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन आले. तेव्हापासून आपल्याकडे एक समीकरण फिरतंय. तिथे भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य, ते कमलाताईंच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला (यूएनसी) मत देतात. आफ्रिकी वंशाचे लोक पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला (पीएनएम). म्हणजे निवडणूक ही शिरगणतीच, आणि आता तिथे ‘आपलं’ राज्य आलं.

यातलं मधलं वाक्य बरंचसं खरं आहे, ते आधीच मान्य करू. भारतीय वस्तीच्या सिपारिया किंवा कुवा इथे पीएनएम जिंकत नाही आणि आफ्रिकी वस्तीच्या लावेंटिलमध्ये यूएनसी जिंकत नाही. दोन्ही पक्षांच्या पक्क्या मतपेढ्या आहेत आणि त्या वंशावर उभ्या आहेत. चूक होते ती त्यावरून सत्तेचा हिशेब मांडताना.

बहुसंख्येचं आधी बघू. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के आणि मिश्र वंशाचे सुमारे २३ टक्के. बहुमत कुणाचंच नाही. मिश्र लोकांतले ७.७ टक्के भारतीय-आफ्रिकी संकराचे, ज्यांना तिथे ‘डोगला’ म्हणतात. शब्द इकडच्या ‘दोगला’ या हिणवणाऱ्या शब्दावरूनच गेला, पण तिथे आता बरेच जण तो स्वतःची ओळख म्हणून सहज वापरतात. आता यांना कुठल्या रकान्यात टाकणार? आणि हिंदूंचं म्हणाल, तर ते एकूण १८ टक्के. रोमन कॅथलिक त्यांच्याहून जास्त आहेत.

शिवाय निवडणूक जर शिरगणती असेल, तर निकाल लोकसंख्येच्याच चालीने हळूहळू सरकायला हवा. प्रत्यक्षात १९८१ मध्ये पीएनएमला संसदेच्या तेव्हाच्या ३६ पैकी २६ जागा होत्या, १९८६ मध्ये उरल्या ३. पाच वर्षांत कुठल्याही देशाची वंशरचना अशी उलटत नाही. तेलाचे भाव पडले होते, पीएनएमच्या तीस वर्षांच्या राजवटीला लोक कंटाळले होते आणि विरोधक पहिल्यांदाच नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शन (एनएआर) या एका नावाखाली लढले होते. त्या ३ जागांमागेही पीएनएमची जवळपास ३२ टक्के मतं होती, हे लक्षात ठेवा.

खरी गंमत २००७ आणि २०१० शेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. पद्धत आपल्यासारखीच, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला. २००७ मध्ये ४१ जागांपैकी पीएनएमला २६ मिळाल्या, त्याही ४६ टक्के मतांवर. यूएनसीला सुमारे ३० टक्के मतं आणि १५ जागा. विन्स्टन दुकेरन यांच्या काँग्रेस ऑफ द पीपल या नव्या पक्षाने २२ टक्क्यांहून जास्त मतं घेतली आणि जागा मिळाली शून्य. विरोधकांची बेरीज अर्ध्याच्या वर होती, पण ती दोन डब्यांत वाटली गेली. २०१० मध्ये हे दोन्ही पक्ष इतरांना घेऊन एका आघाडीत आले. पीएनएमची मतं तीन लाखांच्या जवळून सुमारे दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर आली, म्हणजे घसरण फार तर पाच टक्क्यांची. जागा मात्र २६ वरून १२. कमलाताई पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या त्या या बेरजेवर. पुढे आघाडी विस्कटली आणि २०१५ मध्ये पीएनएम २३ जागा घेऊन परत आली.

म्हणून तिथला निकाल वाचताना एकूण मतांच्या आधी सॅन फर्नांडो वेस्ट, ट्युनापुना, टोको-सांग्रे ग्रांदे अशा काठावरच्या जागा बघायच्या. तिथे मिश्र वस्ती आहे आणि थोड्या मतांनी पारडं फिरतं. २०२५ मध्ये या तिन्ही यूएनसीकडे गेल्या.

जनमत चाचण्यांच्या बाबतीतही हीच खबरदारी हवी. हजार जणांच्या नमुन्यात देशपातळीवर चूक साधारण ३ टक्क्यांची. पण हजार भागिले ४१ म्हणजे एका मतदारसंघात २४-२५ माणसं, आणि तिथे चूक २० टक्क्यांपर्यंत जाते. ‘अमुक पक्षाला इतक्या जागा’ असं त्यावरून सांगणारा अंदाजच सांगत असतो.

आता २०२५. यूएनसी २६, पीएनएम १३, टोबॅगो पीपल्स पार्टी २. मतदान २०२० मध्ये ५८ टक्के होतं, ते ५४ च्या आसपास आलं. पीएनएमची मतं सुमारे एक लाखाने घटली. यूएनसीची त्याच्या एक तृतीयांशही वाढली नाहीत. म्हणजे भारतीय वंशाची लाट आली असं दिसत नाही. पीएनएमचा मतदार मोठ्या संख्येने घरी बसला, हे जास्त पटतं. कारणंही समोर होती. २०२४ मध्ये ६२४ खून झाले, वर्षअखेरीस आणीबाणी लागली, आणि पीएनएमचे पंतप्रधान कीथ राउली पायउतार होऊन त्यांच्याच पक्षाचे स्टुअर्ट यंग निवडणुकीच्या तोंडावर जेमतेम सहा आठवडे पंतप्रधान राहिले.

त्यात ला ब्रेआ आणि पॉइंट फॉर्टिन हे तेलपट्ट्यातले मतदारसंघ जवळून पाहण्यासारखे आहेत. ला ब्रेआ म्हणजे डांबराच्या नैसर्गिक तळ्याचं गाव. दोन्हीकडे आफ्रिकी वंशाची वस्ती मोठी, २०१० च्या पडझडीतही दोन्ही पीएनएमकडेच राहिले होते. २०१८ मध्ये पीएनएम सरकारने पेट्रोट्रिन या सरकारी तेल कंपनीची पॉइंट-आ-पिएर इथली रिफायनरी बंद केली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. निळ्या शर्टवाली तेल कामगारांची संघटना यूएनसीबरोबर गेली. सरकारी कर्मचाऱ्यांना यूएनसीकडून १० टक्के पगारवाढीचं आश्वासन मिळालं. या दोन जागांवर यूएनसीने कामगार नेतेच उभे केले आणि दोघेही निवडून आले. शिरगणतीच्या सूत्रात हे कुठे बसतं?

‘आपलं राज्य’ हा तर भाबडेपणा. १८४५ ते १९१७ मध्ये करारावर गेलेले मजूर मुख्यतः बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले, बहुतेक कोलकात्याच्या बंदरातून. त्यांचे वंशज तिथले नागरिक म्हणून तिथल्या प्रश्नांवर मत देतात. पीएनएमच्या पहिल्या फळीत भारतीय वंशाचे कमालुद्दीन मोहम्मद होते. पीएनएमनेच २०२३ मध्ये भारतीय वंशाच्या क्रिस्टिन कांगालू यांना राष्ट्रपती केलं, आणि त्यांच्याविरुद्ध यूएनसीने ज्येष्ठ वकील इस्रायल खान यांना उभं केलं. २०२५ मध्ये कमलाताईंनी ॲटर्नी जनरल नेमले जॉन जेरेमी, जे पूर्वी पीएनएम सरकारात त्याच पदावर होते.

आणि टोबॅगो, देशाच्या दोन बेटांतलं धाकटं. जवळजवळ सगळी आफ्रिकी वंशाची वस्ती, दोनच जागा. १९९५ मध्ये पीएनएम १७ आणि यूएनसी १७ असा पेच पडला, तेव्हा त्या दोन जागा एनएआरकडे होत्या. त्यांनी यूएनसीच्या बासदेव पांडे यांना पाठिंबा दिला आणि देशाला भारतीय वंशाचा पहिला पंतप्रधान मिळाला. त्या दोन खासदारांतले एक ए. एन. आर. रॉबिन्सन, जे पुढे राष्ट्रपती झाले. २००१ मध्ये १८-१८ अशी बरोबरी झाली, एकूण मतं यूएनसीची जास्त होती, तरी याच रॉबिन्सन यांनी पांडेंना बाजूला ठेवून पीएनएमच्या पॅट्रिक मॅनिंग यांना पंतप्रधान नेमलं. दोन्ही वेळा सत्ता शिरगणतीने ठरली नाही.