गेटवेचं तोंड समुद्राकडे आहे

गेटवे ऑफ इंडियाचा नेहमीचा फोटो शहराच्या बाजूने काढलेला असतो. खरं तर ती पाठ आहे. बोटीतून उतरणाऱ्यांसाठी बांधलेलं ते दार, त्याचा दर्शनी भाग बंदराकडे.

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. जॉर्ज विटेटच्या आराखड्याची दगडी वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. खर्च साधारण २१ लाख रुपये. समोरच्या रुंद रस्त्याला पैसेच उरले नाहीत, म्हणून आजही रस्ता कमानीला तिरका येऊन भिडतो.

बघायचं तर सकाळी घारापुरीच्या बोटीतून बघा. तेव्हा ऊन समुद्राकडच्या बाजूवर असतं आणि खरोडीच्या दगडाचा पिवळेपणा खुलतो. शहराकडून फोटो हवा असेल तर दुपार कलल्यावर जा. सकाळी सूर्य समोर येतो आणि कमान काळी पडते. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, आणि भर पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याची बोट नसते. मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघायचं विसरू नका: ४८ फूट व्यास!

आता कळकळीने सांगायचं ते डागडुजीबद्दल. २०२३ च्या पाहणीत पृष्ठभागावर भेगा, काही ठिकाणी उगवलेली झाडं आणि घुमटाच्या वॉटरप्रूफिंगचं नुकसान आढळलं. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं उपटून भागत नाही. मूळ आत राहतं, पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. जोर लावून ओढलं तर सांध्यातला मालमसाला आणि दगडाची कडही निघून येते. रोप वर कापायचं, मुळात औषध भरून ते पूर्ण मरू द्यायचं, मग सांधा साफ करून चुन्याने दरजा, म्हणजे दगडांमधली फट, भरायची. घाईत सिमेंट भरलं की घात होतो. सिमेंट कडक, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग सांध्यातून निघायचं ते खारं पाणी दगडातून निघतं, वाळताना आत मीठ धरतं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. एकदा गेलेलं कोरीवकाम परत येत नाही.

घुमटात पाणी मुरणं याहून वाईट. काँक्रीटमधलं लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. म्हणून आधी घुमटाचं वॉटरप्रूफिंग, मग सांधे, आणि रोषणाईचे दिवे अगदी शेवटी. त्या दिव्यांचे खिळे दगडात ठोकायचे नाहीत. बसवायचेच झाले तर जमिनीवर स्वतंत्र खांब उभारून बसवा. चुन्याचं काम पाऊस सरल्यावर हातात घ्या आणि भरलेली दरजा काही दिवस ओली गोणपाटं लावून झाकून ठेवा. उन्हात चुना झटकन सुकला तर तडकतो, आणि पहिल्याच पावसात धुऊन जातो.