टाकी शंभर टक्के भरली की मोटर चालू

लातुरात नळाला पाणी येणं म्हणजे घरातला कार्यक्रमच. काही दिवसांआड, वॉलमन गल्लीचा व्हॉल्व्ह सोडेल तेव्हा येतं, आणि येतं ते पण रात्री-अपरात्री, मग आधी हौद भरा, हौदातून मोटर लावून वरची टाकी भरा, आणि मोटर बंद करायला कुणीतरी जागं राहा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, इथं टाकी वाहून गेली तर शेजारी भांडत नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त लागतं.

पुण्यात आयटीत असलेला भाचा दिवाळीला आला आणि म्हणला, मामा तुम्ही निवांत झोपा, मी ऑटोमेशन करून देतो. रास्पबेरी पाय नावाच्या पिटुकल्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली यंत्रं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, टाकीच्या झाकणाला सेन्सर, मोटर चालू-बंद करायला रिले, आणि जिंजा का काय त्या भाषेत एक टेम्प्लेट, म्हणजे लिहून ठेवलेली अट, की टाकी ३० टक्क्यांच्या खाली गेली आणि हौदात पाणी असलं की मोटर चालू. भाऊबीज झाली की साहेब पुण्याला पसार.

सुरुवातीला झकास. २५ टक्क्याला मोटर आपोआप लागली, मी सोसायटीभर सांगत फिरलो. मग एकदा नळच उशिरा आला, हौद भरेपर्यंत टाकी ९ टक्क्यावर गेलेली, आणि मोटर ढिम्म. बायकोनं वैतागून हातानं लावली, टाकी काठोकाठ भरली, तिनं बंद केली, ती परत चालू! बंद केली, परत चालू! आई गॅलरीतून ओरडायलीय, "अरे पाणी वाहायलंय, काय करायलास रे?" मी काय करणार, मी मोबाईलवर चाचपडत होतो.

भाच्याला फोन लावला तर म्हणतो, "मामा, ट्रेस बघा ना." आता ट्रेस हे प्रकरण मात्र मला मनापासून आवडलं. २०२१ पासून होम असिस्टंटमध्ये ते आहे. ऑटोमेशन कसं कसं चाललं त्याचा नकाशाच काढून देतं, कशामुळं सुरू झालं (त्याला ट्रिगर म्हणतात), कुठली अट खरी निघाली, कुठं अडलं, वेळेसकट. आमच्या घरात कुणालाच "हे कुणी केलं" याचं सरळ उत्तर देता येत नाही, हे यंत्र देतं! फक्त एक भानगड, मुळात शेवटचे ५ च ट्रेस ठेवतं, आणि आमचा सेन्सर दर थोड्या सेकंदाला आकडा बदलतो, त्यामुळं सकाळी उघडलं तर रात्रीचा गुन्हा पुसलेला, हाती सगळे "अट पटली नाही" वाले. सेटिंगमध्ये ती संख्या वाढवावी लागली.

मग पुढच्या पाण्याला सापडलं. टाकी १००, आणि "३० पेक्षा कमी" याला उत्तर, खरं! खोटं वाटेल, पण होम असिस्टंटमध्ये सेन्सरची स्टेट, म्हणजे तो सांगतो ती किंमत, आकडा नसतेच, मजकूर असतो, आणि भाच्यानं दोन्ही बाजू मजकूर म्हणूनच ताडल्या होत्या. मजकुरात पहिलं अक्षर बघतात. १ हा ३ च्या आधी, म्हणून १०० लहान. ९ हा ३ च्या नंतर, म्हणून ९ मोठा. वर लाटेनं आकडा ९९ चा १०० झाला की मोटर चालू. आयटीतल्या पोराचं लग्न जमवायला मी किती ठिकाणी शब्द टाकला होता!

मग टेम्प्लेटमध्ये फ्लोट (टाकीतला नव्हे, मजकुराचा आकडा करणारा शब्द) लावून आकडा करून घेतला. त्यात सेन्सर गायब असला तर काय धरायचं तेही सांगावं लागतं, भाच्यानं ० सांगितलं होतं. लाईट जाऊन आली की सेन्सर जागा व्हायला वेळ लागतो, तोवर टाकी रिकामी समजून मोटर सुरू, शेजारच्या काकांची पापडाची खाट भिजली. आता १०० धरायला लावलंय. सेन्सर मेला तर मोटर गप्प बसेल, पापड तरी वाळतील.

आईला हे सगळं दाखवलं. चष्मा लावून तिनं वेळ वाचली, "हे सगळं लिहून ठेवतंय व्हय?"

"ठेवतंय की."

"आणि मोटर लागायच्या टायमाला काही घडलंच नाही तर?"

"ट्रिगरच नाही बसला तर ट्रेस पण नाही, काहीच नोंद नसते."

"मग ते आपल्या वॉलमनसारखंच झालं की रे."